राजांचं गाणं चार एमबीत

"माझं एकशेवीस एमबीचं गाणं चार एमबीत बसव! आणि ऐकणाऱ्याला त्यातलं काही गेलंय असं वाटलं, तर बापाबरोबर तूही कोठडीत!"

टेकवडीचे राजे रणधीरराव गरजले. समोर उभी होती गोजरा. बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिचा बाप तुळशीराम राजवाड्यातला रेकॉर्डिंगवाला, आणि कालपासून तो आत होता.

त्याचा गुन्हा काय? राजांनी स्वतः गायलेलं बारा मिनिटांचं गाणं त्यांच्या वाढदिवशी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये उतरायलाच हवं होतं. आता गरिबाच्या मोबाईलमध्ये जागा ती किती! तुळशीरामने बिचाऱ्याने बाराच्या बारा मिनिटं दाबून दाबून चार एमबीत कोंबली. मग व्हायचं तेच झालं. राजांचा आवाज घागरीत तोंड घालून गायल्यासारखा आला, आणि झांजा वाजल्या की पापड तळले, तेच कळेना.

"महाराज," गोजरा म्हणाली, "फाइल लहान करायची तर काहीतरी काढावंच लागतं."

"माझ्या गाण्यात काढण्यासारखं आहेच काय?"

"काहीच नाही!" दिवाण भालबा टुणकन उठले. "मी रोज दोनदा ऐकतो, महाराज. आंघोळीआधी एकदा, आंघोळीनंतर एकदा. त्यातला श्वासन् श्वास मला पाठ आहे!"

"आम्हालाही! आम्हालाही!" बाकीचे दरबारी ओरडले. मेले खोटारडे!

गोजराने सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. "मग झालंच काम! उद्या फाइल आणते. पण निकाल या जाणकारांनी द्यायचा. आणि तो लागेपर्यंत महाराजांनी चकार शब्द काढायचा नाही."

"कबूल!" राजे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दरबारात गाणं लागलं. फाइल बरोब्बर चार एमबी, आणि आवाज काय खणखणीत! राजांची छाती फुगली. पण दोन मिनिटं झाली न झाली, तोच गाणं टुणकन उडी मारून शेवटच्या कडव्यावर! मधली ती लांबलचक तान गायब! राजे ताडकन उठले. गोजराने ओठांवर बोट ठेवलं. बसले बिचारे, दातओठ खात.

दरबारी मात्र डोळे मिटून माना डोलावत होते. गाणं संपलं, तरी भालबांची मान डोलतच होती.

"दिवाणजी, काही कमी वाटलं?" गोजराने विचारलं.

"छे छे! अक्षर न् अक्षर जागेवर!"

"आणि ती लांब तान?"

"अहाहा! आज तर अंगावर काटाच आला!"

"अरे गाढवा!" राजे कडाडले. "तान वाजलीच नाही! पोरी, मधली आठ मिनिटं कुठं गेली?"

"काढली, महाराज! आवाज नीट राहायचा तर मिनिटाला एक एमबी लागतो. चार एमबीत चारच मिनिटं मावतात. आता काढायचं काय? तर ऐकणाऱ्याला ज्याची उणीव भासत नाही ते, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. रोज दोनदा ऐकणाऱ्यांनाच ती भासली नाही, तिथे बाकीच्यांना काय भासणार!"

राजांचा हात तलवारीकडे गेला. मग त्यांची नजर भालबांच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे गेली, आणि राजे जे हसत सुटले, ते पोट धरून खालीच बसले!

"सोडा तुळशीरामला! पोरीला भर चौकात नवं दुकान द्या! आणि या लबाडांना आत्ताच्या आत्ता अख्खं एकशेवीस एमबीचं गाणं ऐकवा, दारं लावून! बोल पोरी, आणखी काय हवं?"

"फार काही नाही, महाराज," गोजरा हात जोडून म्हणाली. "दारं लावायच्या आत मला तेवढं बाहेर जाऊ द्या!"

राजे पुन्हा खो खो हसले, आणि त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी दार उघडून धरलं.