सात तळ्यांचं अंतर

आकाशात विमानं नवीन होती तेव्हाची गोष्ट. नागपूर ते सोलापूर हे हवेतलं अंतर बदकं तळ्यांवर मोजायची. सात तळी. ही मोजणी थोरल्यांची. ती फक्त पाठ करायची, तपासायची नाही.

त्या हिवाळ्यात धाकटी चिमी पहिल्यांदाच थव्यात होती. चौथ्या तळ्यानंतर तिचे पंख लुळे पडू लागले. तेवढ्यात खाली काहीतरी चकाकलं.

"पाचवं आलं! उतरा!" म्हातारा भुऱ्या ओरडला.

चिमीची बहीण राखी घाबरली. "आजोबा, पाण्याचा वासच नाही. लव्हाळं दिसत नाही. तळं बुजवलंय, हे विमानं उतरायचं डांबर आहे!"

"काल अंड्यातून निघालीस आणि मला अंतर शिकवतेस?"

थवा खाली झेपावला. समोरून विमान घरघरत आलं.

"चिमे, पंख मिटू नकोस!" राखीनं तिला अंगानं रेटत वर नेलं. मागे वळून पाहिलं, तर निम्मा थवा नव्हता. दोघींची आईही नव्हती.

भुऱ्या मात्र वाचला होता. "माझं अंतर बरोबरच होतं," तो म्हणाला, "तळ्यानंच जागा सोडली."

उरलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सहाव्या तळ्याकडे पुन्हा भुऱ्याच पुढे निघाला होता, आणि सगळे त्याच्या मागे.