शिरवंडी हे केवढं गाव

"लहान गावात एक रात्र, मध्यम गावात तीन, थोर नगरात पाच. पाठ आहे मला, बुवा. पण गाव लहान की थोर, हे ठरवायचं कुणी?"

कुमुदचा प्रश्न ऐकून वळकटी बांधणाऱ्या दामूअण्णांनी कपाळाला हात लावला. फिरस्त्यांच्या या पंथात ती आली त्या दिवशीच तिला बजावलं होतं : बाकी काहीही विचार, मुक्कामाच्या नेमाला मात्र 'का' म्हणायचं नाही.

"भूगोलात एम.ए. झालेली पोरगी घेऊ नका, असं मी तेव्हाच म्हणालो होतो," अण्णा म्हणाले.

"म्हणालात ना. भाकरी येते का, हे आधी विचारून मग म्हणालात."

नागेशबुवा हसले नाहीत. ते भिंतीला टेकून समोर बघत होते.

सकाळ होऊन गेली होती, पण उजाडल्यासारखं काही वाटत नव्हतं. आभाळ राखेसारखं. शिरवंडीतल्या बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या ओसरीवर हे तिघं काल दुपारी उतरले होते. ओसरीच्या टोकाला एक खोली होती आणि त्या खोलीत अंजनाबाई पडून होती. तीस वर्षं याच मिलमध्ये कापूस ओढलेली बाई. मागेपुढे कुणी नाही. परवा दवाखान्यातून घरी पाठवली होती. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगितले होते.

कुमुदला तेवढेच दोन-तीन दिवस हवे होते.

"पंथाच्या नोंदीत शिरवंडी लहान गाव आहे," अण्णा म्हणाले. "बुवांच्या गुरूंच्या वेळेपासून. एक रात्र झाली. निघायचं."

"तेव्हा इथं एसटी तरी येत होती का, अण्णा? आता नगरपंचायत आहे, दोन कॉलेजं आहेत. जनगणनेवाल्यांना विचारा. पाच हजारांच्या वर लोक, दाटीवाटीची वस्ती, आणि कामकरी पुरुषांपैकी चारांत तीन शेती सोडून दुसरं काही करत असले की झालं शहर!"

"आणि बायका?" बुवांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"त्यात बायका धरत नाहीत."

"हं..."

खोलीतून खोकल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"चौकात जा," बुवा म्हणाले. "मिलमधली अंजनाबाई कुणाला माहीत आहे का, विचार. एकानं जरी हो म्हटलं तर गाव लहान. वळकटी उचलायची."

"आणि कुणीच नाही म्हटलं तर?"

"आधी विचारून तर ये."

कुमुद तरातरा गेली. जाताना तिला वाटत होतं, कुणीच ओळखू नये. चौकात पोचेपर्यंत त्या वाटण्याची तिला लाज वाटायला लागली.

चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "अंजनाबाई? ती लॅबवाली का? तिची तर बदली झाली." मोबाइलच्या दुकानातला पोरगा मान वर न करता म्हणाला, "नंबर द्या, लगेच सांगतो." किराणावाल्यानं तिची कफनी खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि वर्गणी काल दिली, असं सांगून टाकलं.

शेवटी मिलच्या फाटकापाशी तिला एक म्हातारा भेटला. कट्ट्यावर बसून होता. मिलकडे त्याची पाठ.

"मिलमधल्या बायका?" तो म्हणाला. "पन्नास-साठ होत्या गं. शिफ्ट सुटली की हा रस्ता नुसता पांढरा व्हायचा, अंगावरच्या कापसानं. आता एक नाही राहिली."

"अंजनाबाई आहे की."

"छे. सगळ्या गेल्या."

त्याच्या पाठीमागे शंभर पावलांवर ती खोली होती. कुमुदनं हात करून दाखवली. त्यानं वळून पाहिलं नाही. मान दुखते म्हणाला.

ती परत आली तेव्हा तिच्या आवाजातला सगळा जोर गेला होता. "कुणालाच माहीत नाही, बुवा."

"मग हे थोर नगर आहे," बुवा म्हणाले. "पाच रात्री."

"बुवा!" अण्णा जवळजवळ ओरडले. "नोंदीत..."

"नोंद बदला."

कुमुदनं मोठा श्वास सोडला. ती खोलीकडे वळली. बाईला पाणी पाजायची वेळ झाली होती.

"कुमुद..."

ती थांबली.

"काल तिनं तुझं नाव विचारलं?"

"विचारलं."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं. का? सांगायचं नव्हतं?"

"पहाटे तिनं कुणाला हाक मारली?"

कुमुदनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. हाक तिघांनीही ऐकली होती.

"मग आम्हा दोघांना हे थोर नगर आहे. तुला मात्र लहान गाव," बुवा म्हणाले. "तुझी एक रात्र झाली. पुढच्या मुक्कामावर जाऊन थांब. आम्ही पाच दिवसांनी येतो. पाणी अण्णा पाजतील."

अण्णांनी चटकन दुसरीकडे पाहिलं.

कुमुद परत येऊन बुवांच्या पुढ्यात उभी राहिली.

"म्हणजे असा आहे तर तुमचा नेम! कुणी आपल्याला नावानं हाक मारायच्या आत निघायचं. लहान गावात लोक दुसऱ्याच दिवशी हाक मारतात म्हणून एक रात्र. नगरात आठवडाभर कुणी ढुंकून बघत नाही म्हणून पाच. आणि या पळण्याला वैराग्य म्हणायचं?"

"हळू बोल," अण्णा म्हणाले. "आत ऐकू जाईल."

"जाऊ दे. बुवा, साठ वर्षं चालताय तुम्ही. किती जणांनी मारलेली हाक मागं टाकलीत?"

बुवांनी उठायला म्हणून हात टेकला होता. तो तसाच जमिनीवर राहिला.

"मी येत नाही," कुमुद म्हणाली. "आज नाही आणि पाच दिवसांनीही नाही. ती असेपर्यंत मी इथं आहे."

"पंथ सुटेल, पोरी."

"सुटू दे."

बुवांनी मान वर केली नाही. कुमुदनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तांब्या उचलून ती खोलीत गेली.

ओसरीवर दोघं म्हातारे बसून राहिले. आतून चमचा भांड्याला लागल्याचा आवाज येत होता. मध्येच अंजनाबाई काहीतरी पुटपुटली, आणि कुमुदचं "हो, इथंच आहे" एवढं ऐकू आलं.

"आपल्या मठात विचारतील," कितीतरी वेळानं अण्णा म्हणाले. "पोरगी कुठं सोडलीत म्हणतील. केवढ्या गावात... काय सांगू?"

बुवा दाराकडे बघत होते.

"सांगा... अजून तरी दोन माणसांची वस्ती आहे."