पहिली आलेली शाळा

“बाई, मग याल ना सत्काराला?”

दिगंबर ठवरे अंगणात उभ्या उभ्याच विचारत होता. बसायलाही त्याला धीर नव्हता.

शेवंताबाई वालाचे वेल मांडवावर चढवत होत्या. पहिलीपासून चौथीपर्यंत दिगंबरला त्यांनीच शिकवलं होतं. आता तो स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि त्याची शाळा यंदाच्या चाचणीत तालुक्यात पहिली आली होती.

त्याने सगळं सांगून टाकलं. तो या शाळेत आला तेव्हा चौथीच्या पोरांना जोडाक्षरंही वाचता येत नव्हती. त्याने सकाळी लवकर वर्ग उघडला, दिवाळीच्या सुट्टीत सराव घेतला, स्वतःच्या घरी जाणं सोडलं. आज विस्तार अधिकारी त्याच्या शाळेत यायला निघाले होते, आणि शाल घ्यायची ती बाईंच्याच हातून, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

“माझी पोरं कुठेही बसवा, बाई. अडणार नाहीत.”

“येते,” बाई म्हणाल्या. “पण आधी मला वर्गात बसू दे.”

त्याला तेच तर हवं होतं.

चौथीच्या वर्गात बाई खुर्ची सोडून पोरांमध्ये बाकावर बसल्या. पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं आणि हाताला येईल त्याला वाचायला दिलं. पोरं घडाघडा वाचत गेली. मग भागाकार घातला. उत्तर आल्यावर, ते कसं आलं, हेही पोरांनी फळ्यापाशी जाऊन समजावलं.

बाईंचा चेहरा खुलला. त्या उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या, हे दिगंबरला ठाऊक होतं.

“मला एवढं जमलं नव्हतं, दिगंबर.”

त्याचा ऊर भरून आला. एवढ्यासाठीच तर त्याने सगळं केलं होतं.

मग बाईंनी पोरांना सहज विचारलं, “आज कोण आलं नाही?”

“तन्वी,” अख्खा वर्ग एका सुरात बोलला.

“बरं नाही का तिला?”

पुढच्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली. उत्तर नीट, पूर्ण वाक्यात द्यायचं, असं सरांनीच शिकवलं होतं.

“चाचणीच्या दिवशी सरांनी तिला घरीच राहायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती शाळेत येत नाही.”

...

दिगंबरने नजर फळ्याकडे वळवली.

तन्वी अक्षरं जुळवताना अडखळायची. तिच्या एका पेपरने शाळेची सरासरी खाली आली असती. तिच्या वडिलांना त्याने अगदी गोडीने सांगितलं होतं, एक दिवस नाही पाठवलं तरी चालेल. मग निकाल लागला, अभिनंदनाचे फोन सुरू झाले. रोज हजेरी घेताना तो तिचं नाव पुकारायचा, उत्तर आलं नाही की पुढच्या नावाकडे वळायचा.

बाई आता बोलतील, म्हणून तो वाट पाहत राहिला. पण त्या उठल्या, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि तन्वीचं घर कुठे म्हणून त्या मुलीला विचारलं.

बाहेर मांडव घातला होता. खुर्च्या लागत होत्या. गावातली मंडळी जमू लागली होती.

तो बाईंच्या मागे धावला. साहेब कुठल्याही क्षणी येतील, कार्यक्रम संपला की मी स्वतः तिच्या घरी जाईन, असं त्याने अजिजीने सांगून पाहिलं.

“तू थांब ना,” बाई म्हणाल्या. “सत्कार तुझा आहे.”

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते त्याला फार लागलं.

बाई चालू लागल्या. तो थोडा वेळ मांडवाखाली घुटमळला. मग सहशिक्षकाला, साहेब आले तर चहा द्या, एवढं सांगून तोही निघाला.

तन्वीची आई अंगणात धान वाळत घालत होती. तिने काही आडपडदा ठेवला नाही. पोरीला रोज सांगते जा म्हणून, पण ती म्हणते, माझ्यामुळे शाळेचा नंबर जातो.

तन्वी दाराआड होती. फ्रॉकची कड तेवढी दिसत होती.

दिगंबरने बाईंकडे पाहिलं. बाई खाटेवर टेकल्या. त्यांनी पाणी मागितलं आणि सावकाश, घोट घोट पीत राहिल्या.

म्हणजे बोलायचं त्यालाच होतं. साहेबांपुढे बोलायला तो कधी कचरला नव्हता. इथे मात्र त्याने आधी चपला काढल्या. तो दारापाशी उकिडवा बसला.

“तन्वी... माझं चुकलं.”

फ्रॉकची कड आत ओढली गेली.

“तुला घरी थांबवायला नको होतं मी.”

...

“पुढच्या चाचणीला?” दाराआडून आवाज आला.

“पुढच्या चाचणीला तू येशील. पहिल्या बाकावर बसशील.”

“माझं चुकतं, सर.”

“चुकू दे.”

ते शब्द इतके सहज तोंडून निघाले, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

तिघं शाळेत परतली तेव्हा साहेब येऊन बसले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. तन्वीला पाहताच पोरांनी सरकून जागा केली. दिगंबर तडक माइकपाशी गेला. या निकालात आमच्या एका मुलीचा पेपर नाही, तिला मी मुद्दाम घरी ठेवलं होतं, तेव्हा हा पहिला नंबर खरा धरू नये, असं त्याने सर्वांसमोर सांगितलं.

मांडवात कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा ताठ झाला. हे वर कळवावं लागेल, असं म्हणून ते उठले. शाल तबकात घडी केलेलीच राहिली.

पोरांना जिलबी मात्र मिळाली. बाईंनी ती त्यांच्या पंगतीत बसून खाल्ली.

दुपारी तो बाईंना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेला. नंबर जाणार होता, कदाचित नोटीसही येणार होती. तरी त्याचं मन निवांत होतं. पोरं वाचत होती, ते कोणी काढून घेणार नव्हतं. आणि तन्वीला वाचायला शिकवायचं कसं, ते त्याच्या डोक्यात आत्ताच घोळू लागलं होतं.

“मी चौथीत असताना आपल्याकडेही चाचणी झाली होती ना, बाई?”

“झाली होती.”

“मला तेव्हा धड वाचताही येत नव्हतं.”

“‘क्ष’च्या जागी ‘ज्ञ’ लिहायचास,” बाई म्हणाल्या. “खिडकीजवळ बसला होतास. निळा सदरा, खिसा उसवलेला. गणिताच्या पेपरला पेन्सिल चावून चावून पार चोथा केलास.”

वळणावर एसटी दिसली.

“आणि त्या वर्षी शाळा कितवी आली होती?”

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. खूप आठवून पाहिलं...

एसटी थांबली. पायरीवर एक पाय ठेवून त्या वळल्या.

“ते काही आठवत नाही रे.”