बांबूच्या फटीतला उजेड

मुलांनो, एका डोंगराच्या उतारावर बांबूचे दाट बेट होते. तिथल्या एका बांबूच्या पोकळीत चिमुकल्या वटवाघळांचे कुटुंब राहत असे. केवढी चिमुकली? अंग तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढे आणि वजन चार चिंचोक्यांचे. आत शिरायला एकच उभी फट होती. तीत तुमची करंगळीसुद्धा गेली नसती. पहाटे शिकारीहून परतल्यावर आत जाण्याची त्यांची एक रीत होती. फटीशेजारच्या पानाला प्रत्येकाने क्षणभर लटकायचे. ज्याच्या भाराने पान कमी वाके तो आधी आत, जास्त वाके तो मागून. बाहेर शिक्रा हा शिकारी पक्षी टपलेला असे, म्हणून लहानग्यांना आडोसा आधी. धाकटा रोज पहिला जाई. त्याचा थोरला भाऊ सर्वांत शेवटी येई आणि फटीला अंग लावून बसे. मग आतला उजेड बंद होई आणि सगळी झोपत.

धाकट्याला पहिले जाण्याचा भारी राग. "तुझ्याखाली पान हलतं तरी का रे?" असे चुलतभाऊ चिडवत. एका रात्री वारुळातून पंख फुटलेली वाळवी उधळली. धाकटा तिच्यावर तुटून पडला.

"पुरे आता," थोरला म्हणाला. "पोट वाढलं म्हणून फट वाढत नाही."

"माझं पान तुझ्याइतकं वाकेल म्हणून भ्यायलास तू, दादा."

थोरला हसला. "वाकू दे की. पण उजाडायला आलंय. चल."

ते परतले तेव्हा पूर्वेला तांबडे फुटले होते. धाकटा लटकला आणि पान पार खाली गेले. आजीने त्याच्याकडे रोखून पाहिले. "हे वजन तुझं नाही, वाळवीचं आहे. हो पुढे."

"पान काय सांगतं ते बघ, आजी. रीत म्हणजे रीत."

वाद घालायला वेळ नव्हता. एकेक करत सगळी आत गेली. बाहेर दोघे भाऊच उरले. समोरच्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर शिक्र्याने मान वळवली.

धाकट्याने डोके आत घातले, खांदे घातले, आणि पोट अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. "दादा, अडकलो."

"श्वास सोड. सगळा सोड."

"तू उडून जा दुसरीकडे."

"गप. श्वास सोड म्हणतो ना."

पंखांचा फडफडाट जवळ आला. थोरल्याने आपले डोके भावाच्या पाठीला लावले आणि होते नव्हते ते बळ एकवटून रेटा दिला. धाकटा आत कोसळला. त्याने वळून पाहिले. फटीत नुसता उजेड होता.

दुसऱ्या पहाटे धाकटा पानाला लटकला. रात्रभर त्याने काही खाल्ले नव्हते. पान हललेही नाही. या वेळी कोणी चिडवले नाही. "तू पहिला," आजी हळूच म्हणाली. तो मुकाट्याने आत गेला आणि पार वरच्या टोकाला जाऊन लटकला. शेवटी आजी येऊन फटीशी बसली. पण तिच्या अंगाने फट पुरती झाकेना. दिवसभर आत उजेडाची एक रेघ येत राहिली, आणि धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

तात्पर्य : मोठे दिसण्याचा हट्ट आपण धरतो, पण त्याची शिक्षा पुष्कळदा आपल्या पाठीशी उभ्या असलेल्याला होते.