घुशीचे भोकाचे पैसे

लई मागं, जनावरांचाबी आठवडी बाजार भरायचा तवाची गोष्ट. एका घुशीनं बीळभर भोकाचे पैसे, मधी भोक असल्याली तांब्याची नाणी, साठवले होते. शेजाऱ्याला मातुर कधी चणा दिला न्हाई.

एका बाजारी सिंहानं दवंडी पिटली, "उद्यापास्नं भोकाचा पैसा बंद."

घूस रडत म्हणाली, "मी आनखी खोल पुरून ठेवते."

माकड म्हणालं, "मावशे, खोल पुरलेस तरी बंदच. त्यापरीस आजच जिलबीवाल्या अस्वलाकडनं समद्या पैशाची जिलबी घे."

"येवढी खाणार कोण?"

"त्येची काळजी तू नगं करू."

सांजेला अख्खं रान बोटं चाटत घुशीच्या दारात बसलं. साळू तर काटं फुलवून नाचायबी लागली.

फुडल्या बाजारी घूस लाजत सिंहाकडं गेली. म्हणाली, "म्हाराज, चांदीचा रुपया कधी बंद करताय? त्येबी माझ्याकडं थोडं हायती."