भिवरा कुंभारणीचा विस्तव

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की हिवरजाळीत काडेपेटी कुणी पाहिली नव्हती. गावाचा विस्तव असे भिवरा कुंभारणीच्या भट्टीत, तुसाखाली झाकलेला. ज्याची चूल विझे तो खापर घेऊन तिच्या दारी येई. नवी सून आपली पहिली चूल तिच्याच निखाऱ्यावर पेटवी. बारा पावसाळे त्या भट्टीवर कोसळले, पण विस्तव विझला नाही, असं म्हणतात.

त्या काळी गडावरचा राजा वारला आणि गादीवरून त्याच्या दोन मुलांत जुंपली. थोरला गडावर बसला, धाकटा नदीपलीकडे. लढायला माणसं हवीत, म्हणून थोरल्याने हुकूम काढला: धुरामागे एक गडी. रोज सकाळी बुरजावर कारकून बसे आणि खालच्या गावांतले धूर मोजी. ज्या घरात गडी उरला नसेल, त्याच्या धुरापायी शेजारच्या घरचा न्यायचा. भिवराचा मुलगा सटवा पहिल्याच खेपेला गेला. मागे राहिली त्याची बायको येसू, पोटुशी.

दुसऱ्या खेपेची दवंडी झाली तेव्हा पारावर माणसं जमली. मग भिवराच म्हणाली, "धूरच नसला तर काय मोजतील?"

"आणि खायचं काय?" शेजारच्या रावबा तेल्याने विचारलं.

"भिजवलेले हरभरे. तुला दात आहेत अजून."

ही गोष्ट गावोगाव गेली आणि माघातल्या एका सकाळी चाळीस गावांनी चुलींवर पाणी ओतलं. भट्टीतले निखारे तेवढे तुसाखाली राहिले, कारण पुढे कधीतरी पेटवायचंच होतं. शिपाई आले, थंड राखेत हात घालून परत गेले. हुकमात धूर लिहिला होता, माणूस लिहिला नव्हता. आणि लिहिल्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही गडाची फार जुनी शिस्त.

पाचव्या दिवशी येसू बाळंत झाली. मुलगी झाली. धुरामागे गडी मागणाऱ्यांना तिचा काही उपयोग नव्हता.

सुईण म्हणाली, "भिवराबाई, बाजेखाली निखारे हवेत. पोर काकडतंय."

निखारे होते ते विस्तव टिकण्यापुरते; शेकासाठी गोवरी टाकायला हवी. पण गोवरी टाकली की धूर येणार, आणि भिवराच्या घरात आता गडी नव्हता. तो धूर रावबाच्या मुलाला घेऊन जाणार. रावबाला तो एकच.

येसूने एकदाच विचारलं, "आत्याबाई, थोडा शेक मिळंल का?"

भिवराने घरातलं एकुलतं घोंगडं तिच्यावर घातलं आणि पोर आपल्या पदराखाली घेतलं. "कुणीतरी येईल बघ सांगायला," ती म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून बसली.

गावाला सगळं ठाऊक होतं. घराघरात बोलणंही झालं, की भिवराने पेटवावं, पुढचं पुढे बघू. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणी जाऊन सांगितलं असेल. तीन दिवस तिच्या दाराची कडी वाजली नाही. चौथ्या सकाळी पोर गार पडलं होतं.

ते मूठभर पोर पुरून भिवरा परत आली. तिने भट्टीवरचं तूस सारलं. गोवऱ्या टाकल्या, छपराचे वासे उपसून टाकले, येसूच्या बाळासाठी आणलेला पाळणाही टाकला. रावबा धावत आला.

"अगं, आम्ही म्हटलं असतं तुला, पेटव म्हणून."

"म्हटलं असतं," भिवरा म्हणाली. "बाजूला हो, धूर अंगावर येईल."

रावबाने मान खाली घातली. पहिलं खापर त्यानेच भरलं आणि गडाची वाट धरली.

धूर असा उठला की बुरूज दिसेना आणि कारकुनाला एकही मोजता येईना, असं म्हणतात. चाळीस गावं विस्तव घेऊन गड चढली. त्यांच्या आचेने दरवाजाचे खिळे लाल झाले, असंही म्हणतात. पण दरवाजा उघडला तो आतून. आत उभे होते ते धुरामागे नेलेलेच गडी. आपल्याच आया समोर आल्यावर ते भाला कुणावर धरणार? थोरला मागच्या वाटेने पळाला. धाकटाही टिकला नाही. गादी मोकळीच राहिली आणि गावांचे पंच कारभार बघू लागले. आमचा पूर्वज त्या दिवशी गड चढला असं सांगणारे आज इतके आहेत, की तेवढे पूर्वज गडावर मावले नसते.

लोक नाचत होते तेव्हा भिवरा एकेका गड्याचं तोंड बघत फिरत होती. सटवा त्यांत नव्हता. ती खाली आली. गावाला विस्तव देत राहिली, पण स्वतःची चूल तिने पुन्हा पेटवली नाही. येसू शेजारून मागून आणी, ते दोघी खात.

आजही माघातल्या त्या दिवशी हिवरजाळीत चूल पेटत नाही. आता घरोघरी गॅस आहे, पण बटणाला कुणी हात लावत नाही. ज्या घरी तान्हं मूल असेल तिथलीच चूल चालते. सकाळपासून अख्खं गाव, एकेक माणूस, त्या दाराची कडी वाजवतं आणि बाळंतिणीला सांगतं, "पेटव, बाई." दुसऱ्याने सांगितलं असेल म्हणून कुणी घरी बसत नाही. बाळंतीण कंटाळते, तरी प्रत्येकाला "हो" म्हणते. बांधावरून कोर्टात गेलेला चुलत दीरसुद्धा येतो. तोंड फिरवून म्हणतो, पण म्हणतो.