पाठ बसवणारा गोलकीपर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या सरपंचांच्या डोक्यावर केस होते त्याच्याही आधी, या आडोळी गावात गुंडू मगदूम नावाचे पैलवान होते. सकाळी तालमीत घुमायचे आणि दुपारी गावाची हाडं बसवायचे. कुणाचा खांदा निखळू दे, कुणाची पाठ धरू दे, गुंडूदादांनी हात फिरवला की माणूस चालत घरी जायचा. एकदा तिरडीवरचा माणूस उठून बसला होता, असं म्हणतात. म्हणणारा दादांचा मेहुणाच होता, ते सोडा.

तालमीच्या पोरांनी तेव्हा फुटबॉलचा संघ काढला होता. सपाट जागा एकच, नदीकाठचा माळ. बाकी सगळा कातळ, नाहीतर ऊस. त्या माळावर पल्याडच्या हेळगावचाही संघ खेळायचा आणि रोज भांडणं व्हायची. शेवटी ठरलं, एक सामना खेळायचा. हरेल त्यानं आपले गोलचे खांब उपटून न्यायचे आणि माळावर परत पाय ठेवायचा नाही. आपण हरलो असतो तर संघ तिथंच संपला असता. कातळावर खेळून कुणाचे गुडघे राहतात?

आणि नेमकं त्याच दिवशी आपल्या गोलकीपरला गालगुंड झालं. चेंडूपेक्षा त्याचंच तोंड मोठं दिसायला लागलं. मग पोरांनी गुंडूदादांना आणून खांबांमध्ये उभं केलं. दादांनी जन्मात फुटबॉल बघितला नव्हता. घाईत पोरांनी एवढंच सांगितलं, "दादा, तुमच्यापुढनं कुणाला पलीकडं जाऊ द्यायचं नाही."

आता पैलवानाला असं सांगतात होय?

सामना संपत आला तरी दोन्हीकडं भोपळा. तेवढ्यात हेळगावचा बापू शिरोळे चेंडू घेऊन एकटा सुटला. त्याच्या पायाखालचं गवत मोडत नसे, असं म्हणतात. दादांनी चेंडूकडं बघितलंच नाही. बापूला धरला, ढाक मारली आणि चितपट केला. मग मांडी थोपटून लोकांना नमस्कार केला. आपल्या लोकांनी पटके उडवले. गावात शहाणपण पहिल्यापासूनच आहे.

पंच होते एक शाळामास्तर. त्यांनी पेनल्टी दिली.

"मास्तर, खांदे टेकलेत का नाही बघा," दादा म्हणाले.

"पैलवान, इथं चेंडू बघतात."

बापू उठेना. त्याची पाठ धरली होती. पेनल्टी मारावी तर त्यानंच. बाकीच्या हेळगावकरांचा नेम आपल्या तलाठ्याच्या सहीसारखा, कुठंही जाणारा. दादा बापूकडं निघाले तसा गावानं कालवा केला.

"दादा, पडू दे की त्याला. माळ जाईल आपला."

"मी पाडलाय, मीच उठवणार. गप बसा."

बापूला पालथा घातला, दोन अंगठे लावले. कट्‌ असा आवाज झाला आणि बापू उभा राहिला. पहिल्यापेक्षा बोटभर उंच झाला होता, असं म्हणतात.

"दादा, आता मी मारणार बरं का," तो म्हणाला.

"मार की. पाय राखून मारलास तर परत पाडीन."

बापूनं असा मारला की नदीवरचे बगळे उठले. दादांनी चेंडू छातीवर घेतला. टाचा घोट्यापर्यंत मातीत रुतल्या, पण मागं सरकल्या नाहीत. चेंडू फुटला. चामडं एकीकडं, ब्लॅडर एकीकडं. मास्तरांनी एकेक तुकडा बघितला. सगळे रेघेच्या अलीकडं.

पंचक्रोशीत दुसरा चेंडू नव्हता. सामना बरोबरीत सुटला. कुणी हरलं नाही, म्हणून कुणाचे खांब निघाले नाहीत. दोन्ही संघ आजही त्याच माळावर खेळतात आणि तेवढंच भांडतात.

पण त्या माळावर पेनल्टी असली की गोलकीपर आधी पुढं येतो आणि मारणाऱ्याच्या पाठीवरून दोन्ही हात फिरवतो. याला गुंडूदादांचा हात म्हणतात. गेल्या साली शहरातला एक नवा खेळाडू हेळगावकडून आला होता. म्हणाला, माझी पाठ ठणठणीत आहे, वेळ कशाला घालवता? तेव्हा दोन्ही गावं एकदम उठून उभी राहिली, आणि त्याच्याच संघाचा कप्तान त्याला हळूच म्हणाला, "पाठ फिरव बाबा, आमच्या बापूआजोबांनी फिरवली होती."

त्यानं फिरवली.